साहेब फेब्रुवारीत यायचे

"कुंभाराने भट्टी उघडली. आतली सगळी मडकी फुटली होती. फक्त एक पणती शाबूत राहिली होती."

ठकी उभं राहून वाचत होती. आवाज खणखणीत. पूर्णविरामाला थांबणं, प्रश्नाला सूर चढवणं, सगळं जिथल्या तिथं. मी तिच्या पाठीमागे उभी होते आणि मनातून खूश झाले होते. शाळेतला माझा तो तिसरा दिवस. डोंगराच्या माथ्यावर, धनगरवाड्यावर, एका खोलीत भरणाऱ्या चार वर्गांत चौथीची पोरगी इतकं छान वाचते म्हणजे आधीच्या गुरुजींनी कमालच केली, असं वाटत होतं.

मग माझी नजर तिच्या हातातल्या पुस्तकावर गेली. उघडलेल्या पानावर हत्तीचं चित्र होतं आणि त्याखाली कविता. कुंभाराचा धडा अजून बारा पानं पुढं होता. ठकीचं बोट मात्र कवितेच्या ओळींवरून शिस्तीत डावीकडून उजवीकडं सरकत होतं.

"थांब," मी म्हटलं. कवितेतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द वाच."

तिनं त्या शब्दाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खणखणीत आवाजात म्हणाली, "फक्त एक पणती शाबूत राहिली होती."

त्या दिवशी मी सगळ्यांची पुस्तकं पुढं ओढली. पटावर सतरा मुलं. तिसरी-चौथीची नऊ. एकालाही वाचता येत नव्हतं. आणि नऊच्या नऊ जणांना सगळं पुस्तक पाठ होतं. नुसते धडे नव्हे, धड्याखालचे प्रश्नसुद्धा. "गाळलेल्या जागा भरा. कुंभाराने टिंब टिंब टिंब उघडली." ते टिंब टिंब टिंबही सुरात.

मी फलटणकडची. शैलजा भोईटे. तेव्हा चोवीस वर्षांची, पहिलीच नेमणूक, नोकरी अजून कायम व्हायची होती. दिवाळीची सुट्टी संपल्यावर उंबरकड्याच्या त्या एकशिक्षकी शाळेवर हजर झाले. पायथ्याच्या गावापर्यंत एसटी, तिथून दीड तासाची चढण. माझ्या आधी तिथं सुतार गुरुजी होते, अकरा वर्षं. त्या जागेवर इतकी वर्षं कुणी टिकलं नव्हतं. केंद्रप्रमुख म्हणून बढती मिळाली म्हणून ते खाली गेले. म्हणजे आता ते माझेच साहेब.

वाड्यावर गुरुजींना देव मानत. सतरा उंबऱ्यांच्या रेशनकार्डांसाठी त्यांनी तालुक्याला खेटे घातले होते. बाळंतपणात अडलेल्या बाईला ऐन पावसात डोलीत घालून खाली नेलं, तेव्हा डोलीचा एक दांडा गुरुजींच्या खांद्यावर होता. ती बाई म्हणजे ठकीची आई. आणि तेव्हा जन्मली ती ठकी.

मी राहायला होते ठकीच्या थोरल्या बहिणीच्या, जनाच्या पडवीत. जना एकोणीस वर्षांची. वाड्यातच दिलेली, कडेवर सहा महिन्यांचं पोर. दिवसभर म्हशींची उस्तवार आणि ताक घुसळणं, तरी तोंडात गाणं. संध्याकाळी चुलीपुढं बसलं की ती मला भाकरी वाढायची आणि शाळेत आज काय झालं ते खोदून खोदून विचारायची.

"ठकी हुशार हाय न्हवं, बाई?"

"हुशार आहे."

"पाचवीला खाली जाईल?"

"जायलाच पाहिजे. वसतिगृह आहे की."

"जाईल," जना भाकरी थापत म्हणाली. "आन गणपतीच्या आत परत यील."

"का?"

"आमचं समद्यांचं तसंच. मी गेल्ती. माझ्याबरूबर कोंडीबा, सखू. आमच्या मागनं आनी पाच. आठ गेली, आठ बी आली. हितं आमी पहिल्या नंबरानं पास. खाली गेलं की काय बी येत न्हाई. खालचं पाणी आमच्या डोक्याला मानवत न्हाई, आसं म्हातारी म्हंती."

ती हसत हसत सांगत होती. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. खालचं पाणी कोणतं ते मला चांगलंच कळलं होतं.

डिसेंबरात केंद्राच्या बैठकीला मी खाली गेले तेव्हा सुतार गुरुजींना बाजूला गाठलं. पन्नाशी ओलांडलेला, काटक माणूस, पांढरी टोपी, बोलणं मऊ.

"गुरुजी, मुलांना वाचता येत नाही."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "तुम्ही नवीन आहात, बाई. पोरं बुजतात."

"बुजत नाहीत, गुरुजी. धडाधड म्हणतात. पण अक्षर ओळखत नाहीत."

"तपासणी होऊ द्या," ते म्हणाले. "मग बघू आपण." आणि माझ्या नजरेला नजर न देता चहाच्या टपरीकडं निघून गेले.

त्यांचं नाव त्या वर्षी जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी गेलं होतं, हे मला तिथंच दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं. उंबरकड्याच्या तपासणीचा शेरा त्या प्रस्तावाला जोडायचा होता.

मी वर आले आणि मुळाक्षरांपासून सुरुवात केली. पहिली-दुसरीची पोरं भराभर धरू लागली. अडचण मोठ्यांची. अक्षर समोर धरून त्याचा उच्चार सांगितला की ती त्या अक्षरावरून सुरू होणारा अख्खा धडाच म्हणायची. त्यांना वाटे, वाचणं म्हणजे हेच. ठकी तर चिडायची. "येतंय की मला! समदं येतंय. मग परत ग म भ न कशाला?" फेब्रुवारी उजाडला तेव्हा सतरापैकी दोघं जण नवीन मजकूर अडखळत का होईना, वाचू लागले होते. दोघंही दुसरीतले.

तपासणीच्या दिवशी वाड्याला सणाची कळा आली होती. अंगण सारवलेलं, दाराला आंब्याचे डहाळे. जनानं दोन दिवसांचं लोणी राखून ठेवलं होतं. साहेब येणार म्हणून नव्हे. गुरुजी येणार म्हणून. साडेबाराच्या सुमारास विस्तार अधिकारी नलवडे साहेब घामाघूम होऊन चढण चढून आले. मागोमाग सुतार गुरुजी. बायामाणसं गुरुजींच्या पाया पडली. पोरं तर त्यांच्या धोतराला लोंबकळलीच.

नलवडे साहेब खुर्चीत टेकले, पाणी प्याले, चौफेर पाहिलं. दोन्ही खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. भिंती स्वच्छ, तक्ते नीट. ते समाधानानं म्हणाले, "चौथीतलं कोण वाचून दाखवतं?"

ठकी उठली. माझ्याकडं न बघताच तिनं पुस्तक उघडलं.

"कुंभाराने भट्टी उघडली..."

साहेबांनी मान डोलवायला सुरुवात केली. गुरुजी जमिनीकडं बघत होते. मी फळ्याला टेकून उभी होते. गप्प राहिलं की झालं. दहा मिनिटांत शेरा लिहून होईल. माझी नोकरी सुरळीत, गुरुजींचा पुरस्कार सुरळीत, वाड्याचा सण सुरळीत. मी मनाशी ठरवलंही होतं, गप्प राहायचं. एप्रिलपर्यंत ठकीला शिकवू कसंबसं, असं स्वतःला समजावलं होतं.

तेवढ्यात मला खिडकीत जना दिसली. कडेवर पोर घेऊन ती बाहेरून बघत होती. चेहरा कौतुकानं फुललेला. आणि तिचे ओठ हलत होते. ठकीच्या बरोबरीनं, एकही शब्द मागं-पुढं न होता. आठ वर्षांपूर्वी चौथी सोडलेली बाई, जिच्यासमोर पुस्तक नव्हतं.

मी पुढं झाले आणि ठकीच्या खांद्यावर हात ठेवला. ती थांबली.

"साहेब," मी म्हटलं, "पुढचं वाक्य खिडकीतल्या त्या बाईला विचारा."

साहेबांना गंमत वाटली. "हो का? सांगा बरं, ताई."

जनानं पदर सावरला. लाजली, पण आवाज बहिणीसारखाच खणखणीत. "कुंभार ती पणती हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले."

"वा!" साहेब हसले. "आईबापांनासुद्धा..." एवढं बोलून ते थांबले. हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी ठकीच्या हातातलं पुस्तक घेतलं, उघडलेलं पान बघितलं, मग माझ्याकडं.

"हिला वाचता येत नाही, साहेब," मी म्हणाले. "तिसरी-चौथीतल्या कुणालाच नाही. पोरं हुशार आहेत. सगळं ऐकून पाठ आहे."

ठकीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते. आपण चोरी केली असं कुणीतरी म्हणतंय आणि आपण तर काहीच घेतलेलं नाही, अशी नजर.

"सुतार?" साहेब म्हणाले.

गुरुजी उठले. टोपी काढून हातात धरली.

"बाई खरं बोलतात."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं." गुरुजींनी कोपऱ्यात रचून ठेवलेल्या फळ्यांकडं बोट केलं. त्या फळ्या मी मुलांना बसायच्या म्हणून आहेत असं समजत होते. "साहेब, त्या फळ्या जूनमध्ये खिडक्यांना ठोकतात. नाहीतर पाऊस आडवा आत येतो, धुकं आत येतं. एकदा ठोकल्या की थेट दसऱ्याला निघतात. वीज नाही. कंदील लावावा तर रॉकेल घरात पुरत नाही. जून ते सप्टेंबर ह्या खोलीत भर दुपारी स्वतःच्या हाताची बोटं दिसत नाहीत. फळा कुणी बघायचा? पाटी कुणी बघायची?"

"मग?"

"मग काय करणार? अंधारात सांगता येतं तेवढं सांगायचो. मी पाठ करून यायचो, पोरं ऐकायची. पोरांची डोकी अशी, साहेब, की दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा मलाच चूक दाखवायची. दसऱ्यानंतर उजेड यायचा, तोवर अर्धं पुस्तक झालेलं. म्हणायचो, आता अक्षरं घेऊ. तेवढ्यात तपासणी."

"मागणी केली होती?"

"पहिली चार वर्षं केली. छप्पर, खिडक्या, सगळं लिहिलं. पण साहेब, तुम्ही फेब्रुवारीत येता. सगळे साहेब फेब्रुवारीतच येतात. आत ऊन असतं. पोरं खडाखडा बोलतात. शेरा पडतो, उत्कृष्ट. एकदा उत्कृष्ट पडल्यावर..." ते अडखळले. "मग कसं सांगायचं, की हे वाचन नव्हे म्हणून? दरवर्षी म्हणायचो, यंदा सांगू. आठ पोरं खाली गेली आणि परत आली. मला माहीत होतं का आली ते."

"गुरुजी."

खिडकीतून हाक आली होती. जनाचं पोर तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं आणि ती गजांना धरून उभी होती.

"खालच्या मास्तरनी मला फळ्यावरचं वाच म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "मला काय बी उमगंना. समदी पोरं हसली. मला वाटलं, माझं डोळं गेलं, न्हाईतर डोस्कं तरी. म्हंजे गुरुजी... माझं डोस्कं खराब न्हवतं?"

गुरुजींचा चेहरा वेडावाकडा झाला.

"नव्हतं, जने," ते म्हणाले. "तुझ्यासारखी पोरगी मी पुन्हा बघितली नाही. चुकलं ते माझं."

गज सोडून जना खिडकीतून दिसेनाशी झाली.

नलवडे साहेबांनी पेन उघडलं. मला म्हणाले, "आज किती वाचतात?"

"दोन."

"शाळा आता तुमच्या नावावर आहे, बाई. शेरा तुमच्या नावावर पडेल."

"पडू द्या, साहेब."

त्यांनी लिहिलं, वाचन, सतरापैकी दोन. मग खिडक्यांची मापं विचारून तीही लिहिली. गुरुजींकडं न बघता म्हणाले, "आणि तुमचा तो प्रस्ताव?"

"परत मागवतो मी," गुरुजी म्हणाले. आणि खरं सांगते, तेव्हा ते जसे बसले, पाय सोडून, भिंतीला पाठ टेकून, तसा बसलेला माणूस मी फक्त ओझं उतरवून ठेवल्यावरच पाहिला आहे.

आम्ही बाहेर पडलो. वाड्याच्या देवाला मी भर सभेत खाली बसवलं होतं. आता जनाच्या पडवीत मला जागा उरेल का, हेही ठाऊक नव्हतं. अंगणात ताकाचे पेले भरलेले होते. जनानं आधी साहेबांना दिला. मग गुरुजींपुढं येऊन उभी राहिली. पेला पुढं केला नाही. सगळा वाडा बघत होता.

"आठ वरीस मी सोताला येडी म्हनत हुते," ती म्हणाली.

गुरुजींनी मान खाली घातली.

"प्या," तिनं पेला त्यांच्या हातात दिला. "लांबनं आलाय. आन लोन्याचा गोळा घिऊन जावा. आईला डोलीतनं न्हेली ती बी तुमीच."

मग ती मागच्या अंगणात गेली. मी तिच्या मागून गेले. ती म्हशीच्या पाठीला कपाळ टेकून रडत असेल असं वाटलं होतं. ती हसत होती. पदर तोंडात धरून, खांदे हलवत, आवाज न करता हसत होती. "बाई," मला बघून म्हणाली, "कोंडीबाला सांगाया पायजे. त्यो तर देवरुषाकडं जाऊन आल्ता, डोस्क्यातलं काडाया!"

मला खुलासा मागणारं पत्र आलं. वडिलांनी फलटणहून चार ओळींत खरमरीत लिहिलं. खुलाशाचं उत्तर मी दिलं आणि त्यानंतर कार्यालयातून काहीच आलं नाही. शिक्षाही नाही आणि खिडक्याही नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मात्र सुतार गुरुजी चढण चढून आले. पाठीवर बांबूचा मोठा हारा, हाऱ्यात गवत, गवतात जपून गुंडाळलेली काचेची कौलं. डझनभर. धोतर खोचून ते स्वतः छपरावर चढले. खाली जनाचा नवरा शिडी धरून ओरडत होता, "गुरुजी, आडनाव सुतार हाय म्हनून काय झालं, उतरा खाली!" ते उतरले नाहीत. एकेक कौल काढून त्यांनी काचेचं बसवलं आणि खोलीच्या मधोमध, फळ्यापासून दारापर्यंत, उजेडाचा पट्टा पडला. पोरं त्यात आडवी झाली.

त्या दिवसापासून ते दर शनिवारी यायचे. मी लहानांना घ्यायची, ते चौथीच्या चौघांना. उन्हाळ्याची सुट्टी आम्ही घेतलीच नाही. ठकी तीन आठवडे माझ्याशी बोलत नव्हती. गुरुजींशीही नाही. ती पाटीशी बोलायची, दात-ओठ खात. जना मागं बसायची. पोराला मांडीवर झोपवून दुसऱ्या हातानं गिरवायची. तिचं बघून ठकीला चेव यायचा. मे संपता संपता एका सकाळी ठकी माझ्या पिशवीतल्या सामानाला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद उलगडून बसली होती. तिनं त्यातली बातमी अडखळत, घाम गाळत, शेवटपर्यंत वाचली. कुठल्याशा गावच्या पाणीटंचाईची बातमी. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हे तर म्या कधीच ऐकलं न्हवतं!"

जूनमध्ये ती पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहावर गेली. तिच्याबरोबर आणखी दोघं. एकाच्या घरच्यांनी पाठवलं नाही.

जूनभर मी वाटेकडं बघितलं नाही. जुलैत बघायला लागले. धुकं इतकं की वाट दहा पावलांवर संपायची. खोलीत काचेच्या कौलांमधून मंद, दुधी उजेड यायचा. त्यात पाटीवरचं अक्षर डोळे ताणून का होईना, दिसायचं. मी शिकवत असायची आणि कान बाहेर असायचे. गणपतीच्या आत, जना म्हणाली होती. आठ गेली, आठ बी आली. ती आता ते वाक्य म्हणत नव्हती. पण संध्याकाळी भाकऱ्या थापताना तीही दाराकडं बघायची.

गणपतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, पाऊस जरा थांबला होता. मी शाळेला कुलूप लावत होते. धुक्यातून आधी पावलं ऐकू आली, मग घोंगड्याची खोळ दिसली, मग खोळीखाली ठकी. एकटीच नव्हती, मागून ती दोघंही होती. तिघांच्या हातांत गाठोडी.

मी जिथं होते तिथंच, ओल्या पायरीवर बसले. ती जवळ आली, खोळ झटकली, दात दाखवून हसली.

"आलीस?" मी कसंबसं म्हटलं.

"आले की."

"का गं?"

"गनपतीला, बाई. पाच दिस सुट्टी हाय."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग परत जाणार ना?"

ठकीनं मागच्या दोघांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाईंना बरं नाही की काय, असा तिचा चेहरा झाला होता.

"आता ह्ये काय इचारनं झालं?" ती म्हणाली. "न जायाला काय झालंय?"

आणि ती गाठोडं सावरत जनाच्या घराकडं पळत सुटली.